डॉबी, प्लगइन आणि आपल्या माणसांची नावे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



सर्वप्रथम महाकारुणिक तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांना वंदन करतो आणि दोन शब्द बोलायला उभा राहतो. 'दोन शब्द' म्हणणारा माणूस तास खातो, हे आपल्याला सभांच्या अनुभवाने माहीत आहे. मी अर्धा तास घेणार आहे. घड्याळ समोरच आहे.

समितीने मला विषय दिला 'संगणक आणि आपला समाज'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी लायकी नाही. मी गिरणीत साच्यावर उभा राहून आयुष्य काढलेला माणूस. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयात, आणि बरेचसे याच विहाराच्या कपाटातले. तेव्हा मी मोठे काही सांगणार नाही. वयाच्या पन्नाशीनंतर मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. त्याला प्लगइन म्हणतात. तो का लिहावा लागला, कसा लिहिला आणि त्यात माझी काय फजिती झाली, एवढेच सांगतो. त्यात आपल्यापैकी बऱ्याच घरांचा संबंध आहे, म्हणून ऐका.

आपल्या विहाराची पहिली स्मरणिका १९९४ साली निघाली. जुन्या लोकांना आठवत असेल, निळे कव्हर होते. तिच्या शेवटच्या पानांवर विहार बांधायला ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची नावे होती. तीनशेच्या वर नावे. कोणी एका दिवसाचा पगार दिला, कोणी सिमेंटची गोणी दिली, कोणी पाच रुपये दिले. दोन बायांनी कानातले उतरवून दिले. ज्यांच्याकडे द्यायला काहीच नव्हते त्यांनी रात्रपाळी करून सकाळी रेती वाहिली, त्यांचीही नावे होती. पाच रुपयेवाल्याचे नाव आणि पाचशेवाल्याचे नाव एकाच आकाराच्या अक्षरात छापायचे, असे त्या वेळच्या समितीने ठरवले होते. त्यावरून मीटिंगमध्ये भांडण झाले होते, पण ठराव तोच झाला.

२६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्याचे कपाट पाण्यात गेले. स्मरणिकांचा लगदा झाला. घराघरांत ज्या प्रती होत्या त्या घर बदलताना, रद्दीत, अशाच गेल्या. एक प्रत सापडली, तिची मागची पाने वाळवीने खाल्लेली. म्हणजे नेमकी नावांचीच. मग ज्या डी.टी.पी. वाल्याकडे ती स्मरणिका टाइप झाली होती त्याच्याकडे गेलो. त्याने बिचाऱ्याने जुनी कामे एका सी.डी. वर घालून ठेवली होती. ती शोधून दिली, मजकूर वेगळा काढून दिला, पैसेही घेतले नाहीत. आम्ही आनंदाने घरी आलो, फाइल उघडली, आणि पडद्यावर काय दिसले? इंग्रजी अक्षरे, टिंबे, कंस, डॉलरची खूण, उलटे-सुलटे प्रश्नचिन्ह. तीनशे माणसे तिथे होती, पण एकालाही ओळखता येईना.

आता हे असे का होते ते सांगतो. संगणकाला अक्षर कळत नाही, नुसता आकडा कळतो. पूर्वीच्या फॉन्टमध्ये अक्षरे ठेवायला २५६ च खण असायचे, आणि ते मुळात इंग्रजीसाठी नेमलेले. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी काय केले, तर त्याच खणांत आपली अक्षरे बसवली. आतून अक्षर इंग्रजी, वरून मुखवटा मराठी. प्रत्येक कंपनीने मुखवटे वेगवेगळ्या क्रमाने लावले. एकाचा 'क' जिथे, तिथे दुसऱ्याचा 'ळ'. तो ठरावीक फॉन्ट मशीनवर असेल तोवर सगळे ठीक. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो.

पुढे युनिकोड आले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात जगातल्या लिप्यांना स्वतःचे कायमचे नंबर दिले. देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा वाडाच मिळाला. 'क' चा नंबर २३२५. तो नागपुरात २३२५ आणि लंडनमध्येही २३२५. तुमच्या मोबाइलवर आज मराठी सरळ दिसते ते यामुळे. पण १९९४ ची आपली फाइल मुखवट्यातली. तिला मुखवट्यातून काढून नंबरात आणायचे होते.

तुम्ही म्हणाल, यासाठी तयार प्रोग्राम नाहीत का? आहेत, पुष्कळ आहेत. मी वापरून बघितले. ते दुसऱ्या फॉन्टसाठी बनवलेले होते, आमच्या फाइलच्या फॉन्टला चालेनात. निम्मे बरोबर, निम्मे भलतेच. आणि तो प्रोग्राम बंद पेटीतला असला तर आत हात घालून दोन अक्षरे दुरुस्त करायची सोय नाही. इथून माझी गाठ मुक्त सॉफ्टवेअरशी पडली.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे, बरं का. फुकट असते तेही बहुतेक वेळा, पण मुद्दा तो नाही. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर एम.आय.टी. च्या प्रयोगशाळेत काम करायचा. तिथे जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की लोकांना संदेश जाईल अशी सोय त्याने प्रोग्राममध्ये स्वतः करून ठेवली होती. मग नवा प्रिंटर आला. त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो कोणी देईना. मशीन आपल्या समोर, बिघाड आपल्याला दिसतो, दुरुस्त करायची अक्कल आहे, पण झाकण उघडायला मनाई! त्यातून पुढे त्याने २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला, आणि १९८९ मध्ये जी.पी.एल. नावाचा परवाना तयार केला. त्यांच्या विचाराप्रमाणे प्रोग्राम वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्ये पाहिजेत. तो कशासाठीही चालवायचे, तो कसा चालतो हे उघडून बघायचे व बदलायचे, त्याच्या प्रती दुसऱ्याला द्यायचे, आणि आपण केलेला बदलही दुसऱ्याला द्यायचे. धम्मवंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि स्वतः बघ. हे वाचताना मला तोच शब्द आठवला. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही, भन्तेजी समोर बसले आहेत. मला आठवला एवढेच.

मी जे सॉफ्टवेअर घेतले त्याचे नाव लिबरऑफिस. पत्रे लिहिणे, हिशेब मांडणे यासाठी ते वापरतात. आपल्या विहाराच्या पावत्या आता त्यातच निघतात. त्याचीही कथा ऐकण्यासारखी आहे. मूळचा प्रोग्राम एका जर्मन कंपनीचा. १९९९ मध्ये सन या कंपनीने तो विकत घेतला आणि २००० मध्ये त्याचा कोड खुला केला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने घेतली. मालक बदलला तसे काम करणाऱ्या बऱ्याच लोकांना पुढचे भवितव्य ठीक दिसेना. तेव्हा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी कोडची प्रत घेतली, नवी संस्था काढली आणि नव्या नावाने काम चालू ठेवले. गिरणीचा मालक बदलला तर कामगारांना साचे खांद्यावर उचलून शेजारी नवी गिरणी काढता येत नाही. इथे आली. परवान्यात तसे लिहिलेले होते म्हणून आली.

आता प्लगइन म्हणजे काय? गिरणीतल्या माणसांना मी एका वाक्यात सांगतो, बाकीच्यांना जरा जास्त वेळ लागेल. प्लगइन म्हणजे साच्याला लावलेली डॉबी.

साधा साचा साधेच कापड विणतो. एक धागा वर, एक खाली. किनारीला नक्षी पाहिजे असेल तर अख्खा साचा नवा घ्यावा लागत नाही. त्याच साच्यावर डॉबी नावाची जोडणी बसवतात. तिच्यात लाकडी पट्ट्यांची माळ असते, पट्ट्यांना भोके, भोकांत खुंट्या. खुंटी असेल तिथे ठरावीक धाग्यांची चौकट वर उचलली जाते, नसेल तिथे खालीच राहते. खुंट्या बदला, नक्षी बदलली. साचा तोच, मोटार तीच, चालवणारा तोच. आणि हे मी उगीच जुळवून सांगत नाही. फ्रान्समध्ये १८०४ साली जाकार्ड नावाच्या माणसाने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणणारा माग बनवला. इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेजने त्या पुठ्ठ्यांची कल्पना आपल्या गणिती यंत्रासाठी घेतली, आणि त्या यंत्रावर एडा लव्हलेस या बाईंनी १८४३ मध्ये जे लिहिले त्यात संगणकाच्या प्रोग्रामचा आरंभ मानतात. म्हणजे संगणकाचा एक पूर्वज विणकरांच्या घरचा आहे. मुलांनो, कोणी विचारले की गिरणी कामगाराला कॉम्प्युटरशी काय देणेघेणे, तर हे सांगा.

साच्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो, कारण नव्या पोरांना हे माहीत नसते. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना पूर्वी साचेखात्यात घेत नसत. रिंग खात्यात घ्यायचे, झाडलोटीला घ्यायचे, पण विणायला नाही. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, असे इतर कामगार म्हणत. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संप चालवणाऱ्यांपुढे ठेवला होता. माझे आजोबा गिरणीत होते, आणि साचेखात्याच्या दारातून आत बघायचे. मी त्याच खात्यात काम केले. म्हणून मला कोणत्याही यंत्राचे झाकण बंद दिसले की मनात येते, हे कोणासाठी बंद आहे?

असो. कामाकडे येतो.

लिबरऑफिसमध्ये साधने नावाच्या मेनूत मॅक्रो म्हणून एक जागा आहे. तिथे बेसिक नावाच्या भाषेत आपण हुकूम लिहू शकतो. माझी धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, पहिल्यांदा नुसती एक ओळ लिहा." मी लिहिली. बटण दाबल्यावर पडद्यावर छोटी चौकट आली आणि तिच्यात 'जय भीम' उमटले. एवढ्याने मी शेजाऱ्याला उठवून आणले होते. तो म्हणाला, हे तर मी टाइप करून पण काढतो. त्याला काय सांगणार!

पुस्तक घेऊन पहिल्या पानापासून शिकायला बसलो असतो तर मी दुसऱ्या धड्यात झोपलो असतो. मी दुसरा मार्ग धरला. आमच्या मशीनवरच्या लिबरऑफिसमध्ये 'गिमिक्स' नावाच्या कप्प्यात काही तयार मॅक्रो होते. त्यातला एक मॅक्रो असा की, तो चालवला की दस्तऐवजातल्या सगळ्या अक्षरांच्या जागी 'एक्स' येतो. नुसता खेळ. पण माझ्या दृष्टीने ते सोने होते. कारण प्रत्येक अक्षर शोधून त्याच्या जागी दुसरे घालायचे, हेच तर मला करायचे होते. मी तो उघडला, ओळ न् ओळ वहीत उतरवून काढली, आणि जी ओळ कळत नव्हती ती बदलून काय बिघडते ते बघितले. फिटरकीचे काम आम्ही असेच शिकलो. आधी चालू मशीन बघायचे, मग त्यातला एक बोल्ट सैल करायचा. हे करताना मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रतीवर काम करायचे, ही गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. मी दुसऱ्या दिवसापासून पाळली. पहिल्या दिवशी काय झाले ते विचारू नका.

मग तक्ता केला. एका रकान्यात मुखवट्याचे अक्षर, दुसऱ्यात खरे मराठी. वाळवीने खाल्लेल्या प्रतीची पुढची पाने शाबूत होती, त्यामुळे छापील शब्द आणि फाइलमधला शब्द समोरासमोर ठेवून जुळवता आले. दीडशेच्या वर ओळी झाल्या. यात पहिला धडा मिळाला तो क्रमाचा. दोन खुणा मिळून एक अक्षर होत असेल तर ती जोडी आधी बदलायची, सुटी खूण नंतर. आधी सुटी बदलली की जोडी मोडते आणि परत सापडत नाही. दुसरा धडा: स्मरणिकेत मध्येमध्ये खरे इंग्रजी शब्द होते, त्यांचेही मराठी झाले आणि कोणाला वाचता येईना. म्हणून आधी त्या तुकड्याचा फॉन्ट कोणता हे विचारायचे आणि जुना मराठी फॉन्ट असेल तरच हात लावायचा.

खरी गंमत वेलांटीने केली. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायचे, कारण ती दिसते आधी. युनिकोडात ती अक्षराच्या नंतर येते, कारण उच्चार नंतर होतो. आणि रफार उलटा. जुन्यात नंतर, नव्यात आधी. आता आपल्या तथागतांचे गृहस्थाश्रमातले नाव घ्या, सिद्धार्थ. त्यात वेलांटीही आहे आणि रफारही. माझ्या पहिल्या प्रयत्नात ते नाव इतके मोडून आले की मला ते पडद्यावर ठेवायची लाज वाटली. म्हणून नियम लिहिला: वेलांटी सापडली की ती उचलून पुढच्या अक्षरानंतर ठेव, मग पुढची वेलांटी शोध. बटण दाबले आणि मशीन अडकले. का? कारण मी उचलून पुढे ठेवलेली वेलांटी त्याला परत सापडायची, तो ती परत उचलून पुढे ठेवायचा, परत सापडायची. एकच वेलांटी पानभर फिरत होती. साचा बंद करायचा दांडाच मी बसवला नव्हता! मग शोध पुढच्या जागेपासून सुरू करायचा, ही एक छोटी दुरुस्ती केली. त्या एका ओळीला मला चार रात्री लागल्या. त्यानंतर 'उपस्थिती' अडली, कारण तिथे वेलांटीने एक अक्षर नव्हे तर अख्खे जोडाक्षर ओलांडायचे असते. तेही जमले.

रफाराला मी एक नियम केला. रफार दिसला की त्याला एक जागा मागे ने. सिद्धार्थ बरोबर आले, सूर्यकांत बरोबर आले, पार्वती बरोबर आली. मी खूश. काही ठिकाणी मात्र अक्षरांमध्ये ठिपक्यांचे पोकळ वर्तुळ दिसायला लागले. खूण अनाथ झाली, तिला बसायला अक्षर मिळाले नाही, की मशीन असे वर्तुळ दाखवते. अशोक विजयादशमीला चार दिवस उरले होते. यादी लावायची घोषणा मी स्वतः माइकवरून केली होती. मी काय करावे? कारण शोधण्याऐवजी मी आणखी एक नियम घातला की असा अनाथ रफार दिसला तर तो पुसून टाक. वर्तुळे गेली. पान स्वच्छ झाले. यादी छापून विहाराच्या दाराशी लावली. लोकांनी फोटो काढले, माझा सत्कार झाला, नारळ मिळाला.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. नातवाने बोटाने नाव दाखवले. आजी जवळ जाऊन बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्ये माझ्या मालकाचं नाव न्हाई."

मी म्हणालो, "आजी, हेच आहे. बघा, गाव बरोबर आहे, खाते बरोबर आहे."

"त्येंच्या नावावर तुरा हुता," आजी म्हणाल्या.

आजींना वाचता येत नाही. पण निळी स्मरणिका त्यांच्या घरात होती तोपर्यंत दर बुद्धपौर्णिमेला त्या ते पान उघडून घ्यायच्या. त्यांच्या मालकाचे नाव धर्मा. माझ्या यादीत छापले होते 'धमा'. शाळा शिकलेल्या कोणाच्याही हे लक्षात आले नव्हते. माझ्या तर नाहीच. जिला अक्षर येत नाही तिने सांगितले की वरचा तुरा गेला.

मी घरी येऊन रात्रभर यादी तपासली. अर्जुनचा अजुन झाला होता, दुर्गाबाईची दुगाबाई, सर्जेरावचा सजेराव. एकूण एकोणीस नावे. रफाराच्या आधी काना किंवा मात्रा किंवा उकार टाइप झालेला असेल तिथे एक जागा मागे नेऊन भागत नाही. काना ओलांडून अक्षराच्याही मागे जावे लागते. आणि ते अक्षर जोडाक्षर असेल, जसे 'सामर्थ्य', तर अर्धे अक्षरही ओलांडावे लागते. हे मला चार दिवस आधी शोधता आले असते. मशीन वर्तुळ काढून मला सांगत होते की इथे काहीतरी चुकले आहे, आणि मी त्याचे तोंड बंद केले. एकोणीस माणसांच्या डोक्यावरचा तुरा मी पान स्वच्छ दिसावे म्हणून पुसला. यादी उतरवली, नियम नीट लिहिला, पुसणारी ओळ काढून टाकली. आता शंका आली तर प्लगइन ती जागा पिवळी करतो आणि माणसाला विचारतो. नवी यादी घेऊन मी स्वतः आजींच्या घरी गेलो. त्यांनी त्या नावावरून बोट फिरवले आणि चहा टाकायला सांगितले. बाकी काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर मी एक वेगळी वही केली. तिच्यात अवघड शब्द आणि त्यांची बरोबर उत्तरे. प्रोग्राममध्ये एक टिंब बदलले तरी आधी ते सगळे शब्द त्यातून काढतो, मग पुढे जातो. जाणकार लोक याला टेस्टिंग म्हणतात. मी त्याला आजींची वही म्हणतो.

मॅक्रोचे प्लगइन करणे म्हणजे तो दुसऱ्याच्या मशीनवर बसेल असा गठ्ठा बांधणे. लिबरऑफिसमध्ये या गठ्ठ्याला ओ.एक्स.टी. फाइल म्हणतात. आत मॅक्रो, मेनूत नाव कुठे दिसावे त्याची चिठ्ठी, आणि गठ्ठ्यात काय काय आहे त्याची यादी, असे सगळे एका झिप फाइलमध्ये. यादीत एक फाइल लिहायची राहिली किंवा एक कंस बंद करायचा राहिला की तो घेत नाही. यात माझे दोन रविवार गेले. सांगण्यासारखे विशेष काही नाही, किचकट कारकुनी आहे, पण करावी लागते.

मग तो जी.पी.एल. परवान्याखाली सर्वांना खुला केला. आमच्या एका मित्राने विचारले, "एवढी मेहनत करून वाटून टाकलास, तुला काय मिळाले?" मिळाले ते सांगतो. मराठवाड्यातल्या एका विहाराच्या समितीतला मुलगा, मला न भेटलेला, त्याने आपल्या विहाराच्या जुन्या अहवालावर तो चालवला. त्या अहवालात शेवटी 'भोजन बनवणाऱ्या आचाऱ्यांचे आभार' होते. माझ्या प्लगइनने त्याचे 'आचार्यांचे आभार' करून टाकले. स्वयंपाक्याला बढती! जुन्या फॉन्टमध्ये डोक्यावरचा रफार वेगळा आणि 'ऱ्य' मधली आडवी कोयरी वेगळी. मी तक्त्यात दोघांना एकच समजलो होतो. युनिकोडात त्या कोयरीसाठी खाली टिंब असलेला 'ऱ' घ्यावा लागतो. त्या मुलाने ती ओळ दुरुस्त करून मला परत पाठवली. म्हणजे आपल्या यादीतही मोऱ्यांच्या आणि पुजाऱ्यांच्या जागी जे चुकले असते ते सुधारले. झाकण उघडे होते म्हणून त्याला हात घालता आला.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भगवंतांना म्हणाले की वेगवेगळ्या जातीकुळातले लोक आपापल्या बोलीत आपले वचन बिघडवतात, तर आम्ही ते छांदस भाषेत बांधून ठेवतो. भगवंतांनी त्यांना मनाई केली आणि वचन स्वतःच्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा दिली. हे आठवायचे कारण, प्रोग्राम लिहायला इंग्रजी यावे लागते म्हणून आपली बरीच मुले मागे हटतात. मला इंग्रजी येत नाही असे नाही, पण अडखळते. बेसिकमध्ये लागतात ते इंग्रजी शब्द पन्नासाच्या आसपास. बाकी सगळे, वहीतले मुद्दे, तक्ता, चुकांची यादी, प्रोग्राममधल्या माझ्या टिपासुद्धा मराठीत आहेत. मशीन टिपा वाचत नाही, माणसे वाचतात.

आता विहाराच्या माळ्यावर दोन जुने संगणक बसवले आहेत. दर रविवारी दुपारी ४ ते ६ आम्ही बसतो. दहावीतल्या एका मुलीने पावतीवरचे इंग्रजी आकडे मराठीत करणारा मॅक्रो लिहिला, तो आपले खजिनदार रोज वापरतात. अकरा ओळींचा आहे. ज्यांना यायचे त्यांनी वही घेऊन यावे, फी नाही. मोठ्या माणसांनीही यावे, मुलांसमोर चुकायची तयारी ठेवून.

शेवटची गोष्ट कामाची. सी.डी. चा एक भाग खराब आहे. तिथला मजकूर कोणत्याही प्लगइनने निघणार नाही, कारण तो तिथे नाहीच. अंदाजे तीस नावे आहेत. वाळवीच्या प्रतीवरून त्यातली काही अर्धवट लागतात. एका ठिकाणी नुसते 'बाई' आणि पुढे 'कानातले' एवढे वाचता येते. दुसऱ्या ठिकाणी 'रात्रपाळी, रेती' आहे आणि नाव नाही. दाराशी टेबलावर कोरी वही आणि पेन ठेवले आहे. ज्यांच्या आईने, सासूने, वडिलांनी, चुलत्याने तेव्हा काही दिले किंवा वाहिले असेल आणि दाराच्या यादीत नाव दिसत नसेल, त्यांनी जाताना वहीत लिहून जावे. लिहिता येत नसेल त्यांनी मला सांगावे, मी तिथेच बसलो आहे. नाव कसे लिहायचे, वेलांटी पहिली की दुसरी, तुरा आहे की नाही, तेही सांगावे.

जय भीम! नमो बुद्धाय!